‘आरटी’ नक्की टाइप केलं कोणी?

माझ्या पीएचडीच्या पहिल्या वर्षातला एक आलेख मी अजून जपून ठेवलाय. दिसायला सुरेख आहे आणि सपशेल चुकीचा आहे.

झालं असं. माझ्याकडे २०१२ सालच्या ट्विट्सचा एक जुना संच होता. दुसऱ्याचं ट्विट पुढे पाठवताना लोक त्यात काटछाट कशी करतात, हे मला बघायचं होतं. म्हणून ‘आरटी’ने सुरू होणारी सगळी ट्विट्स मी वेगळी काढली, प्रत्येकाची मूळ ट्विटशी तुलना केली आणि कुठली अक्षरं गळली ते मोजलं. निष्कर्ष इतका स्वच्छ आला की मला आनंदाने झोप लागेना. लोक सुरुवातीला हात लावत नाहीत, मधल्या भागाला तर नाहीच नाही. कापतात ते फक्त शेपूट. त्यावर मी दोन पानं लिहूनही टाकली. त्यात ‘मानवी स्वभाव’ असे शब्दसुद्धा होते.

सरांनी ती पानं वाचलीच नाहीत. आधी कच्चा डेटा उघडायला लावला, दहा-बारा ओळी बघितल्या आणि म्हणाले, “ही शेवटची तीन टिंबं बघ. कुणी टाइप केली?”

माणूस टिंबं टाइप करतो तेव्हा पूर्णविरामाचं बटण तीनदा दाबतो. कधी दोनदाच, घाईत असला तर चारदा. माझ्या डेटात मात्र हजारो ओळींच्या शेवटी तेच एक, तिन्ही टिंबं मिळून बनलेलं अखंड युनिकोड कॅरेक्टर होतं. म्हणजे ती टिंबं माणसांनी दिलेली नव्हती. कुणी रिट्विटचं बटण दाबलं की ते ट्विट एपीआयमधून बाहेर देताना ट्विटरचा प्रोग्राम स्वतःच पुढे ‘आरटी’ आणि मूळ लेखकाचं नाव जोडत असे, आणि त्यामुळे मजकूर १४० च्या बाहेर गेला की शेपूट कापून ही टिंबं लावत असे. दोन महिने मी कोडच्या एका ओळीला मानवी स्वभाव समजून मोजत होते.

आजची पोस्ट म्हणजे त्या दोन महिन्यांची वसुली. तुमच्यापैकी बरेच जण सोशल मीडियाचा डेटा घेऊन प्रबंधाचा विषय ठरवताय असं तुमच्या ईमेल्सवरून दिसतं. त्यात @, # आणि रिट्विट या तीन गोष्टी मोजायच्या असतातच. या तिन्ही खुणा कंपनीने बनवलेल्या नाहीत. त्या लोकांनी सवयीने सुरू केल्या, आणि कंपनीने त्यांची बटणं नंतर केली. सवय कधी सुरू झाली आणि बटण कधी आलं, या दोन तारखांच्या आधी, मध्ये आणि नंतर तीच खूण तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगते. (कंपनीचं नाव जुलै २०२३ पासून एक्स आहे, ठाऊक आहे. पण मी जुन्या काळाबद्दल बोलतेय, म्हणून ट्विटरच म्हणेन.)

सुरुवात २००६ ची. सॅन फ्रान्सिस्कोत पॉडकास्टवर काम करणारी ओडिओ नावाची छोटी कंपनी होती. तिथल्या जॅक डॉर्सी, बिझ स्टोन, नोआ ग्लास आणि इव्हान विल्यम्स या मंडळींनी एक जोडधंदा काढला: मोबाइलवरून एक एसएमएस पाठवायचा आणि तो तुमच्या सगळ्या मित्रांना पोचायचा. एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांची. पाठवणाऱ्याच्या नावासाठी २० बाजूला ठेवली, उरली १४०. आणि ते १६० तरी कुठून आले? १९८५ च्या सुमारास जर्मनीत फ्रिडहेल्म हिलेब्रांड या अभियंत्याने टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं टाइप करून अक्षरं मोजली. बहुतेक सगळी १६० च्या आत बसली. पोस्टकार्डांवरचे मजकूर पाहिले, तेही साधारण तेवढेच. म्हणजे ज्या मर्यादेवर पुढे शेकडो शोधनिबंध निघाले, तिचं मूळ एका माणसाच्या टाइपरायटरवर आणि पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यात आहे.

लिहायच्या चौकटीत तेव्हा प्रश्न असायचा: तुम्ही काय करताय? लोक इमानदारीत उत्तर देत. चहा पितोय, बस चुकली, कंटाळा आलाय. यावर तेव्हा चिक्कार चेष्टा झाली, की कुणी सकाळी काय खाल्लं हे जगाला कशाला सांगायचं. आपल्याकडे दारातून जाणारा माणूस ‘काय, जेवण झालं का?’ विचारतो तेव्हा त्याला मेनू ऐकायचा नसतो. ते फक्त ‘मी तुला पाहिलं’ एवढंच असतं. मायक्रोब्लॉगिंगवरच्या पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी एक, अक्षय जावा, टिम फिनिन आणि सहकाऱ्यांचा, २००७ चा आहे. त्यांनी एप्रिल आणि मे २००७ मधली ७६,१७७ जणांची साडेतेरा लाखांच्या आसपास ट्विट्स घेतली, आणि त्यात सगळ्यात जास्त जे सापडलं ते हेच: रोजच्या गप्पा.

याच निबंधात @ चा एक सुंदर आकडा आहे. सुरुवातीला ट्विटरवर उत्तर द्यायची सोयच नव्हती. सगळे आपापलं बोलणार, बस. नोव्हेंबर २००६ पासून काही जणांनी ज्याच्याशी बोलायचं त्याच्या नावाआधी @ लावायला सुरुवात केली. चॅटरूममध्ये असं लिहायची पद्धत आधीपासून होती, तीच इथे आली. २००७ च्या वसंतापर्यंत साधारण दर आठ ट्विट्सपैकी एकात @ दिसायला लागलं होतं, आणि सुमारे २१ टक्के लोक ते वापरत होते. त्यानंतर कंपनीने @ लावलेल्या नावाची लिंक केली, उत्तरांसाठी वेगळा टॅब दिला. हनीकट आणि हेरिंग यांनी जानेवारी २००८ चा नमुना घेतला, तर @ असलेली ट्विट्स ३० टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातला सुमारे ९० टक्के वापर थेट कुणाला तरी उद्देशून. २००९ च्या एका नमुन्यात हेच प्रमाण ३६ टक्के आहे.

आता थांबा. १२, ३०, ३६ हे तीन बिंदू जोडून रेघ ओढायचा मोह तुम्हाला झाला असेल. मलाही झाला होता. पण तीन अभ्यासांनी ट्विट्स तीन वेगळ्या पद्धतींनी गोळा केली आहेत, आणि मधल्या काळात लिंक आणि टॅब आलेत. वाढ झाली हे खरं. ती किती सवयीमुळे आणि किती सोयीमुळे, हे या तीन आकड्यांतून निघत नाही.

हॅशटॅगची जन्मतारीख मात्र पक्की आहे. २३ ऑगस्ट २००७ ला क्रिस मेसिना यांनी ट्विट करून विचारलं की गटांसाठी # वापरलं तर कसं, आणि उदाहरण दिलं बारकॅम्पचं. ही कल्पनाही जुन्या चॅटवरून उचललेली. आयआरसीवर चॅनेलच्या नावाआधी # असायचंच. कंपनीला हे फारच संगणकवेड्यांचं वाटलं. मग ऑक्टोबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला वणवे पेटले, आणि नेट रिटर नावाचा तिथला एक रहिवासी सगळी माहिती एकाच हॅशटॅगखाली द्यायला लागला. आपत्तीत कामाला येतं म्हटल्यावर ती खूण रुळली.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २००८ मध्ये, ती मुंबईत आली. २६/११ च्या त्या तीन दिवसांत #मुंबई हा हॅशटॅग (रोमन लिपीत) जगभर वाचला गेला. जे. जे. रुग्णालयात रक्त हवंय असे निरोप त्याखाली फिरले. सरकारने लोकांना ट्विट थांबवायला सांगितलंय, अशी खात्री न झालेली बातमीही फिरली आणि बीबीसीच्या थेट वार्तांकनापर्यंत पोचली. या घटनेवर काम करायचं असं मनात असेल तर एक लक्षात घ्या. तेव्हा हॅशटॅगवर क्लिक करता येत नव्हतं. ती लिंक जुलै २००९ मध्ये झाली. मुंबईनंतर काही महिन्यांनी घेतलेल्या नमुन्यातही फक्त ५ टक्के ट्विट्समध्ये हॅशटॅग होता. म्हणजे २००८ ची ट्विट्स तुम्ही हॅशटॅगने शोधलीत, तर तुमच्या जाळ्यात येणार आधीच ही रीत ठाऊक असलेली थोडी माणसं. घरात टीव्हीसमोर बसून नुसतं ‘ताजमध्ये अजून गोळीबार चालू’ असं लिहिणारा त्यात येणारच नाही. लिंक आणि ट्रेंडिंगची यादी आल्यानंतरचा हॅशटॅग आणखी वेगळा. तो वर चढावा म्हणून लिहिला जातो, ठरवून, वेळ साधून. २००८ चा हॅशटॅग फाइलवर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखा. नंतरचा मोर्चातल्या घोषणेसारखा. दोन्ही एकाच स्तंभात घालून बेरीज करणं मला पटत नाही.

आणि आता माझी दुखरी नस, रिट्विट.

वर ३६ टक्के आणि ५ टक्के हे आकडे दिले, ते डॅना बॉइड, स्कॉट गोल्डर आणि गिलाड लोटान यांच्या निबंधातले. प्रसिद्ध झाला २०१० मध्ये, पण डेटा जानेवारी ते जून २००९ चा: सार्वजनिक प्रवाहातून दर पाच मिनिटांनी उचललेली ७ लाख २० हजार ट्विट्स. त्यात साधारण ३ टक्के रिट्विट्स होती. एवढासा आकडा! पण निबंध वाचाल तर कळेल की मजा टक्क्यात नाही. तेव्हा बटण नव्हतं. दुसऱ्याचं ट्विट कॉपी करायचं, पुढे स्वतःच्या हाताने काहीतरी लिहायचं आणि पाठवायचं. ते ‘काहीतरी’ काय, याचा नियम नव्हता. कुणी आरटी लिहायचं, कुणी पूर्ण रिट्विट, कुणी शेवटी कंसात ‘व्हाया’, कुणी नुसतं आर, कुणी पुनर्वापराच्या त्या फिरत्या बाणांचं चिन्ह. आणि मूळ ट्विट १४० च्या जवळ असेल तर जागा करायला काहीतरी कापावंच लागायचं. काय कापायचं? मधल्या माणसांची नावं? लिंक? एखादं विशेषण? कापताना अर्थ बदलला तर ते कुणाचं म्हणणं? अशी कितीतरी छोटी भांडणं तेव्हा रोज होत असत. लेखकांनी ट्विटरवरच लोकांना विचारलं की तुम्ही रिट्विट का करता. उत्तरं आली: पुढे पसरवायला, सहमती दाखवायला, मैत्रीखातर, आणि ‘मी ऐकतोय’ हे कळवायला. काही जण तर पुढे स्वतःलाच सापडावं म्हणून करत.

नोव्हेंबर २००९ मध्ये बटण आलं. विल्यम्स यांनी तेव्हा ब्लॉगवर कारणं सांगितली: मूळ कुणाचं ते कळत नाही, मजकुराची मोडतोड होते, तेच तेच पुन्हा दिसतं, आणि त्याचा नीट माग ठेवता येत नाही. शेवटचं कारण पुन्हा वाचा. आपण ज्याला डेटा म्हणतो तो मोजता यावा म्हणून सवयीला आकार दिला गेला. दुसऱ्याच्या तोंडी भलतं घालायचा धोका बटणाने घालवला, हे चांगलंच झालं. पण काटछाट, शेरा, कुणाचं नाव ठेवायचं आणि कुणाचं गाळायचं हा निर्णय, तोही गेला. शेरा परत यायला एप्रिल २०१५ उजाडलं, जेव्हा अवतरणासह रिट्विट करायची अधिकृत सोय झाली. दरम्यान काही हट्टी लोक हाताने आरटी लिहीतच राहिले. माझ्या २०१२ च्या संचात तेही होते, प्रोग्रामने लावलेल्या ‘आरटी’च्या गर्दीत हरवलेले. वेगळे करायला एकच साधी खूण आहे: बटणाने केलेल्या रिट्विटमध्ये मूळ ट्विट वेगळ्या फील्डमध्ये जोडलेलं असतं, हाताने लिहिलेल्यात नसतं. ते फील्ड माझ्या फाइलमध्ये होतं. मी उघडलं नव्हतं.

बटणाचा आकार आकडे किती हलवतो, हे कंपनीने एकदा स्वतःच करून दाखवलं. ऑक्टोबर २०२० मध्ये, अमेरिकेतल्या निवडणुकीच्या तोंडावर, रिट्विट दाबलं की आधी ‘तुमचं मत लिहा’ अशी चौकट उघडायला लागली. उद्देश असा की लोक थोडा विचार करतील. डिसेंबरमध्ये सोय मागे घेतली, तोवर त्यांनी आकडे दिले होते: रिट्विट्स २३ टक्क्यांनी घटली, अवतरणं २६ टक्क्यांनी वाढली, पण वाढलेल्यांपैकी ४५ टक्के एका शब्दाची. विचार वाढला का? माहीत नाही, एकशब्दी होकार मात्र वाढले. या दोन महिन्यांचा डेटा कुणाच्या संचात असेल आणि त्याने हे वाचलं नसेल, तर लोकांच्या वागण्यात मोठा बदल झाला असं तो छातीठोकपणे लिहील.

नोव्हेंबर २००९ मध्येच चौकटीतला प्रश्नही बदलला: ‘तुम्ही काय करताय’च्या जागी ‘काय घडतंय’. आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये चांदणीचं बदाम झालं. लोक चांदणी वाचनखुणेसारखीही वापरत, न पटलेल्या ट्विटलाही देत. बदामाला तसा अर्थ देणं अवघड. तरी दोन्ही डेटात एकाच नावाच्या स्तंभात येतात.

मराठीवर काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी कटकट आहे, ती सांगायलाच हवी. एसएमएसच्या १६० अक्षरांची गोष्ट रोमन लिपीची. देवनागरी लिहिली की प्रत्येक कॅरेक्टरला १६ बिट लागतात आणि मर्यादा ७० वर येते. ट्विटरने निदान ते केलं नाही, पण तिथे मोजणी आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसते, युनिकोडच्या एककांची असते. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर, मोजणीत सहा. इंग्रजीत स्वर गाळून शब्द आखडता येतो, मराठीत मात्रा गाळलीत तर शब्दच दुसरा होतो. म्हणून इंग्रजी ट्विट्सच्या काटछाटीबद्दलचे निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे लावू नका. २०१७ मध्ये मर्यादा २८० झाली तेव्हा कंपनीने सांगितलं होतं की इंग्रजीत ९ टक्के ट्विट्स १४० ला टेकतात आणि जपानीत फक्त ०.४ टक्के. त्यामुळे जपानी, चिनी आणि कोरियनला १४० च ठेवले. देवनागरीला २८० मिळाले.

आणि पायथनमध्ये हॅशटॅग काढायचा नेहमीचा कोड वापरून बघाच एकदा. ‘#’ आणि त्यापुढची सलग शब्द-अक्षरं, असा साधा पॅटर्न सगळ्या ट्युटोरियल्समध्ये असतो. पायथनच्या मूळ मॉड्यूलला काना-वेलांटी ही शब्दातली अक्षरं वाटत नाहीत. त्यामुळे #मराठी दिलंत की तो ‘र’पाशी थांबतो आणि परत देतो #मर. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा संगणक मला काय सुचवतोय कळेना. ‘रेजेक्स’ हे वेगळं मॉड्यूल घेतलंत तर मात्रा धरल्या जातात. मराठी हॅशटॅगची कुठलीही जुनी मोजणी हातात आली, तर आधी ती या चाळणीतून आलेली नाही ना, एवढं बघा.

डेटा मिळणार कुठून, हे तुम्ही विचारणारच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये सगळी सार्वजनिक ट्विट्स साठवायचं जाहीर केलं होतं. २०१८ पासून ते निवडकच घ्यायला लागले. २०२१ मध्ये संशोधकांना जुन्या सगळ्या ट्विट्सपर्यंत मोफत पोचता येऊ लागलं, महिन्याला एक कोटीपर्यंत. फेब्रुवारी २०२३ मध्ये मोफत एपीआय बंद करत असल्याची घोषणा झाली आणि ते दारही लागलं. उरलेत ते आधी गोळा झालेले संच. त्यातले बरेच नुसते ट्विटच्या क्रमांकांचे असतात, आणि क्रमांकावरून मजकूर परत मागवावा लागतो. मधल्या काळात कुणी ट्विट पुसलं असेल तर ते येत नाही. पण इतिहासासाठी लागणारा दुसरा अर्धा भाग अजून फुकट आहे: कंपनीच्या जुन्या ब्लॉगपोस्ट्स, वेबॅक मशीनमध्ये राहिलेली त्या वेळची मदत-पानं, आणि जुन्या निबंधांतले ‘डेटा कसा घेतला’ हे परिच्छेद, जे आपण सगळे घाईत ओलांडून जातो.

माझ्या फाइलमध्ये आता तारखेशेजारी एक जादा स्तंभ आहे: त्या दिवशी स्क्रीनवर काय काय दिसत होतं. तो भरायला तीन आठवडे लागले. तो आलेख मी टाकून दिला नाही, फक्त शीर्षक बदललं. आता वर लिहिलंय, ‘ट्विटरचा प्रोग्राम रिट्विटचा मजकूर १४० मध्ये बसवताना कुठे कापतो’. या शीर्षकाखाली तो अगदी बरोबर आहे.